एसटीचे अर्धे तिकीट: तासगाव–सांगली मार्गावरून महिला सन्मान योजनेचे परीक्षण

एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांमध्ये महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत देणारी महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून लागू आहे. तासगाव–सांगली मार्गावर नोकरीनिमित्त ये-जा करणारी प्रवासी म्हणून मी या सेवेविषयी लिहीत आहे. तिच्याबद्दल जे बोलले जाते ते बहुतेक वेळा तिकिटाच्या पैशांपुरतेच असते. माझ्या मते मात्र तिचे खरे मोल, बाईने कुठे जायचे हे घरात कोण ठरवते, यात आहे.

आमच्या भागात घरात एकच मोटारसायकल असेल तर ती पुरुषाची असते. तो बाहेर पडला की कामाला गेला असे धरले जाते आणि पेट्रोलचा खर्च आपोआप घरखर्चात मिसळतो. बाई निघाली तर मात्र कशाला, कुणाबरोबर आणि परत कधी, हे प्रश्न उंबऱ्यातच उभे राहतात आणि तिच्या तिकिटाचे पैसे तिच्या नावावर मांडले जातात. पुरुषांना मिळालेली ही मोकळीक इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती सवलत आहे असे कुणाला वाटतच नाही. एसटीने दिलेली सवलत तिकिटावर छापून येते, म्हणून ती तेवढी डोळ्यांत भरते.

कवठे एकंदला गाडीत चढलेल्या आणि माझ्या शेजारी बसलेल्या एका मावशींनी पदराची गाठ सोडून सुटे पैसे मोजून वाहकाच्या हातावर ठेवले आणि तिकिटाची घडी करून ती बांगडीत खोचली. त्या मिरजेला डोळे दाखवायला निघाल्या होत्या. पूर्वी मुलाला सवड होईपर्यंत थांबावे लागे, आणि द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत त्याला सवड कुठली, असे त्या म्हणाल्या. आता त्या सकाळी भाकऱ्या थापून एकट्या निघतात. यात मुलाचाही अर्धा दिवस वाचतो, हे त्यांनीच बोलून दाखवले. आई, बायको, बहीण यांना प्रत्येक ठिकाणी नेऊन सोडण्याची जबाबदारी पुरुषावर असते, तेव्हा त्याचा रोजगार बुडतो. समानतेचा हा लाभ पुरुषांच्याही पदरात पडतो, पण त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

गाडीत पुरुषांची कुरकुर ऐकू येते: बायकांनी गाड्या भरल्या आणि पूर्ण पैसे देऊन आम्ही उभे. ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि रोजंदारीवर जाणाऱ्या मजुराला ती वाढ पुरती सोसावी लागते. पण त्याचे भाडे शेजारी बसलेल्या बाईमुळे वाढलेले नाही. महिलांच्या सवलतीची रक्कम राज्य शासन महामंडळाला देते. उभे राहावे लागते ते फेऱ्या आणि गाड्या कमी पडतात म्हणून. तेव्हा त्याने जादा गाडीची मागणी करावी, आणि ती मागणी आमचीही आहे. शिवाय ६५ वर्षांवरील पुरुषांनाही अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्या आजोबांचा प्रवास मोफत आहे, हे कुरकुर करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

सीमेपलीकडे कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली तेथील रहिवासी महिलांना साध्या गाड्यांतून राज्यांतर्गत प्रवास मोफत केला आणि त्याच वेळी त्या गाड्यांतील निम्म्या जागा पुरुषांसाठी राखल्या. आपल्याकडे तेवढी उदारता नाही, पण एका बाबतीत आपली योजना मला सरस वाटते: ती शिवशाही, शिवनेरीलाही लागू आहे, त्यामुळे पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीला चांगली गाडी परवडते. मात्र सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असल्यामुळे मिरजेहून कागवाड, अथणीकडे माहेर असलेल्या बायकांना हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण द्यावे लागते.

योजनेतली सर्वांत मोठी उणीव मला वेगळीच वाटते. शहरी वाहतूक या सवलतीत धरलेली नाही. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान रोज फिरणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका आहेत, दवाखान्यांतल्या आया आणि परिचारिका आहेत, दुकानांत उभ्याने काम करणाऱ्या मुली आहेत. लांबच्या प्रवासाला वर्षातून कधीतरी निघणाऱ्या बाईला सवलत मिळते आणि दररोज शहरी बसने कामावर जाणारीला मिळत नाही, हे मला पटत नाही. रोजच्या खर्चातली बचतच तिच्या खऱ्या उपयोगाची आहे.

आणखी एक गोष्ट भाड्याने सुटणारी नाही. पुरुष आडोसा पाहून मोकळा होतो. बाई मात्र प्रवासाच्या आधीपासूनच पाणी पिणे टाळते, मग तिकीट अर्धे असो वा पूर्ण. स्वच्छ, उजेडाचे आणि पैसे न मागणारे स्वच्छतागृह हा तिच्या प्रवासाचाच भाग मानला पाहिजे. तसेच संध्याकाळच्या फेरीचे आहे. परतीची गाडी लवकर असली की मुलगी शिकवणी अर्ध्यावर सोडते आणि द्राक्षबागेत विरळणीला गेलेल्या बायका वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून येतात. तिथे सवलतीचा प्रश्नच येत नाही.

एवढे असूनही ही सेवा मी प्रत्येक बाईला मनापासून सुचवीन, विशेषतः जिने आजवर स्वतःचे तिकीट स्वतः काढलेले नाही तिला. आपल्या गावाला संध्याकाळची फेरी नसेल, तर सर्वसाधारण ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत तिचा ठराव घ्यावा आणि कोणत्या वेळेची गाडी हवी, त्या वेळेला किती जणी प्रवास करतील, हे लिहून तो आगाराकडे पाठवावा.