सोनं घोळायचा ऑनलाइन संच: पॅन उत्तम, चाळण कुचकामी, खलबत्ता ठाण्यातच घ्या

मुलांकडे फिनिक्सला किंवा लास व्हेगासला जाणार असाल आणि तिथल्या वाळवंटातल्या बंद सोन्याच्या खाणीजवळ हात आजमावायचा बेत असेल, तर ऑनलाइन मिळणारा ‘गोल्ड पॅनिंग किट’ (वाळू पाण्यात घोळून सोनं वेगळं करायचा संच) घ्यावा का, एवढ्यापुरतं हे परीक्षण. संचात १४ आणि १० इंची हिरव्या प्लास्टिकच्या दोन पॅन (पसरट थाळ्या), अर्धा इंची जाळीची चाळण, सोन्याचे कण शोषून घ्यायची नळीची पिचकारी बाटली, चुंबक, चिमटा, भिंग आणि दोन कुप्या येतात.

पैसे वसूल होतात ते १४ इंची पॅनमध्ये. एका बाजूला खोल खाचा आहेत, आणि हिरव्यावर सोनं आणि काळी वाळू दोन्ही स्पष्ट दिसतात. पण नव्या प्लास्टिकवर साच्याचं तेलकट आवरण असतं. त्यामुळे बारीक सोनं बुडायच्या ऐवजी पाण्यावर तरंगतं आणि गाळाबरोबर वाहून जातं. भांडी घासायचा साबण आणि स्कॉचब्राइट घेऊन पॅन आधी दोनदा घासा, आणि घोळायच्या पाण्यातही साबणाचे दोन थेंब टाका.

सराव घरच्या टबात करा. येऊरच्या ओढ्यावर जाऊ नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि आपल्या बेसाल्टात (काळ्या पाषाणात) सोनं नाहीही. बांधकामावरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) मात्र सरावाला फार उपयोगी, कारण बेसाल्टातलं मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं जड लोहखनिज) हीच ती काळी वाळू, जी पॅनमध्ये शेवटपर्यंत चिवटपणे मागे राहते. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं हातोडीने चपटं करून कात्रीने मिलिमीटरभराचे २० तुकडे करा आणि वाळूत मिसळा. पाण्याच्या पटीत शिशाची घनता ११.३, सोन्याची १९.३, गारगोटीची २.६५. शिसं राखता आलं तर सोनं जाणार नाही. (हात नीट धुवा, शिसं विषारी आहे.)

पॅन पाऊण भरा, पाण्यात बुडवा, ढेकळं हाताने फोडा. मग आडवी धरून १०-१५ सेकंद जोरात डावी-उजवी हलवा, म्हणजे जड कण तळाला जातात. खाचांची बाजू पुढे करून थोडी कलती करा, वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्या, आणि पुन्हा आडवी करून हलवा. तांदूळ रोळताना खडे मागे ठेवतो, तोच हा हात. बहुतेकांचं चुकतं ते इथे: एकदा कलती केली की तशीच धरून पाणी ओतत राहतात. तळाचा थर पुन्हा बसवलाच नाही, तर जडही निघून जातं. २० पैकी १५च तुकडे परत आले, तर हात घाईचा आहे.

चाळण मात्र अगदीच वाया. अर्ध्या इंचातून बोराएवढे खडे आत येतात, आणि एका पॅनमध्ये मोठे-बारीक कण एकत्र असले की बारीक सोनं टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ६ आणि २ मिलिमीटरची जाळी आणि एक २० मेशची (सुमारे ०.८ मिलिमीटर) घ्या. भिंगही खेळण्यातलं आहे; सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याकडून १० पटीचं घ्या.

संचात नसलेली, पण खाणीसाठी सर्वात गरजेची वस्तू म्हणजे लोखंडी खलबत्ता. ओढ्यातलं सोनं सुटं असतं, खाणीतलं गारगोटीच्या शिरेत अडकलेलं. दगड २० मेशमधून जाईल इतका कुटल्याशिवाय पॅनचा उपयोग शून्य. जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारा, पण पितळी घेऊ नका. पितळेचा कीस पिवळा दिसतो आणि उगाच आनंद देतो. लोखंडाचा कीस चुंबकाने निघतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, नाहीतर चिकटलेलं सुटणार नाही. खलबत्ता एक तृतीयांशच भरा, दगड ओला करून कुटा, वर एन-९५ मास्क लावा. गारगोटीची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. हा खलबत्ता परत स्वयंपाकघरात आणायचा नाही.

हिशेबही ऐका. टनाला ५ ग्रॅमचा दगड खाणवाल्यांच्या लेखी चांगला. म्हणजे किलोभर कुटून मिळणार ५ मिलिग्रॅम. चकाकतं ते सगळं सोनं नाही हे सुईने तपासा: पायराइटचा (सोन्यासारख्या चमकणाऱ्या लोहखनिजाचा) चुरा होतो, सोनं दबतं. अभ्रक पाण्यात तरंगत फिरतं.

वाळवंटात पाणी तेच तेच वापरावं लागतं आणि चार पॅननंतर चिखल होतो. दाट पाण्यात बारीक सोनं बसत नाही. दोन टब ठेवा आणि गढूळ झालेल्यात तुरटी फिरवा. संचाबरोबरच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

काम बाहेरच्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यावरच. बोगद्यात पाऊल नको: प्राणवायू कमी, कुजलेले टेकू, जमिनीतच उघडे शाफ्ट (खोल उभे खड्डे), आणि जुनं डायनामाइट, ज्यातून स्फोटक नायट्रोग्लिसरीन पाझरत असतं. खाणीतला दगड दळायच्या जुन्या गिरणीजवळच्या बारीक गाळात पारा असू शकतो. चंदेरी थर असलेला कण सापडला तर तो तापवू नका, पाऱ्याची वाफ घातक असते. ओसाड दिसणाऱ्या खाणीवरही कुणाचा क्लेम (खणण्याचा नोंदवलेला हक्क) असू शकतो, म्हणून तिथल्या भूव्यवस्थापन खात्याच्या नोंदी आधी पाहा. आपल्याकडे, कोलारची खाण २००१मध्ये बंद झाली म्हणून तिथे असा प्रयत्न करू नका. १९५७च्या खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेता येत नाही.

एकूण, १४ इंची पॅन आणि पिचकारी बाटली सुटी मिळत असेल तर तेवढंच घ्या. खलबत्ता चेक-इन बॅगेत टाका, आणि निघण्यापूर्वी सरावाची पॅन-जाळ्या धुऊन कोरड्या करा. अमेरिकेच्या कस्टम्सला सामानावर मातीचा कणही चालत नाही.