आठ महिने मायक्रोफ्लुइडिक चिप वापरून: गुळाचा अर्क आणि 75 मायक्रॉनची वाट

आधीच सांगतो, पहिली चिप (नमुन्यातले घटक वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राला, देणारी पट्टी) मी नवव्या दिवशी मारली. दोष चिपचा नव्हता, भेंडीचा होता.

कोल्हापुरातल्या आमच्या लॅबमध्ये गुळातले फिनॉलिक घटक (वनस्पतींत बनणारी एका जातीची रसायनं) मोजतो. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालतात. त्यातलं थोडं गुळात उरत असावं, असा माझा कयास. पाण्यात हा चिकटा निमूट असतो, ॲसिटोनायट्राइल (घटक पुढे ढकलणारं द्रावक) भेटलं की गोळा होतो. साध्या 4.6 मिलिमीटरच्या कॉलमने (घटक वेगळे करणाऱ्या भरीव नळीने) कधी कुरकुर केली नाही. चिपमधली वाट 75 मायक्रॉनची. प्रेशर चढत गेलं आणि पंपाने हात टेकले. आता थंड अल्कोहोलने गाळ बसवतो, सेंट्रिफ्यूज करतो, अल्कोहोल उडवून उरलेलं 0.1 टक्का फॉर्मिक ॲसिडच्या पाण्यात घेतो आणि 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढतो. तेव्हापासून एक चिप अडीच महिने निघते.

वस्तू म्हणाल तर पिवळसर पॉलिइमाइड प्लॅस्टिकची चपटी पट्टी. नमुना धरून ठेवणारा छोटा कॉलम, घटक वेगळे करणारा कॉलम आणि टोकाला स्प्रेची सुई, सगळं तिच्यातच. पूर्वी सिलिकाच्या केशनळ्या हाताने जोडायचो. जोड जरा सैल राहिला की आलेखातल्या पीकला (घटकाच्या उंचवट्याला) शेपूट, मग संध्याकाळभर गळती शोधा. तो जाच संपला. आता कॅमेऱ्यात सुईच्या टोकावरचा द्रवाचा शंकू स्थिर दिसला की मी चहाला मोकळा.

चिपमधून मिनिटाला 300 नॅनोलिटर जातं, म्हणजे 24 तासांत अर्धा मिलिलिटरही नाही. मोठ्या कॉलमवर मिनिटाला 1 मिलिलिटर धरलं तर तेवढ्याच वेळात जवळजवळ दीड लिटर. शिवाय थेंब बारीक, त्यामुळे आयन (विद्युतभारित कण, यंत्र हेच मोजतं) जास्त बनतात. गोंगाटात बुडणारं ट्रायसिन (उसातला एक फिनॉलिक घटक) आता स्वच्छ दिसतं.

खटकणारी गोष्ट म्हणजे सगळं एकत्र असल्याने एक बिघडलं की सगळंच जातं. जुलैत आमच्या लॅबमधल्या मामांनी कौतुकाने झाकण पुसायला घेतलं आणि टिश्यू सुईला लागला. "सर, एवढुसं तर टोक हाय, घासून हुतंय का बघा की!" नाही झालं. कॉलम ठणठणीत, तरी चिप कचऱ्यात. नवी यायला पुरवठादाराने सात आठवडे लावले. फोन केला की "उद्या निघतंय".

आणि गॅलिक ॲसिड, हाही एक फिनॉलिक घटक. ते पाण्याचं इतकं लाडकं की छोट्या कॉलमवर थांबतच नाही, साखरेबरोबर वेस्टमध्ये निघून जातं. त्याच्यासाठी जुना कॉलम अजून जोडून ठेवलाय.