डॉज-बर्न: ग्रे लेयर घ्यावा की दोन कर्व्हज?

पोर्ट्रेटमध्ये कुठे उजळायचे (डॉज) आणि कुठे गडद करायचे (बर्न) हे कळू लागले की पुढचा प्रश्न येतो: हे करायचे कशाने? रूढ मार्ग चार आहेत, तीन फोटोशॉपमधले आणि एक लाइटरूमचा, पण खरी चुरस ग्रे लेयर आणि दोन कर्व्हज या दोघांत आहे.

आधी उरलेले दोन. टूलबारमधले डॉज आणि बर्न टूल थेट फोटोच्या कॉपीवर चालवणे सोपे वाटते, पण ते पिक्सेलच बदलते, त्यामुळे तासाभराने हात जड पडल्याचे लक्षात आले तर मागे फिरता येत नाही. वापरायचेच असेल तर रेंज मिडटोन्स (मध्यम उजेडाचे भाग), एक्स्पोजर ३ ते ५ टक्के आणि प्रोटेक्ट टोन्स चालू ठेवा. हायलाइट्सवर, म्हणजे सर्वांत उजळ भागांवर, बर्न मारला की कपाळावरची चमक राखाडी डागासारखी दिसते. या टूलची खरी जागा मास्कवर (लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या थरावर) आहे: केसांच्या कडेचा मास्क साफ करायला ते फार कामाचे.

दुसरा मार्ग लाइटरूमच्या ब्रशचा. लग्नाचे पाचशे फोटो द्यायचे असतील तर हाच. एक्स्पोजर ±०.३०, फेदर (कडेचा मऊपणा) १००, फ्लो (एका फटक्यात पडणारा जोर) २०-३०. चेहरा थोडा उठवणे, मागचा मंडप दाबणे इतपत काम झकास होते, आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असल्याने हायलाइटमधला तपशीलही हाताशी असतो. त्वचेच्या बारीक चढउतारांवर मात्र शेकडो फटके मारायला गेलात तर मशीन रडू लागते.

आता मुख्य सामना. ग्रे लेयर करायला ऑल्ट दाबून नवा लेयर घ्या, मोड (लेयर खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत) सॉफ्ट लाइट ठेवा आणि ५० टक्के ग्रे भरण्याच्या चौकटीत खूण करा. मऊ ब्रश, फ्लो २-३ टक्के. पांढऱ्याने उजळ, काळ्याने गडद. चुकले तर त्या जागी १२८, १२८, १२८ चा ग्रे फिरवा. ओव्हरले मोड जास्त जोरकस आहे, त्वचेला नको. एकच लेयर, समजायला सोपा, जिंपमध्ये आणि ब्राउझरमधल्या फोटोपीतही चालतो. फक्त ब्रशचा रंग तपासा: काळ्याऐवजी गडद तपकिरी राहिला तर त्वचेवर तोच रंग चढतो.

कर्व्हज म्हणजे फोटोचा उजेड बदलणारी वक्र रेषा; या पद्धतीत तिचे दोन ॲडजस्टमेंट लेयर (मूळ पिक्सेल न बदलता परिणाम देणारे) लागतात. एकात मधला बिंदू १२८ वरून साधारण १५५ ला उचला, दुसऱ्यात १०० ला आणा. दोन्ही मास्क कंट्रोल + आयने काळे करा आणि मास्कवर पांढऱ्याने, फ्लो १-३ टक्के ठेवून रंगवा. फायदा इथे आहे: काम संपल्यावर बर्न जास्त वाटला तर फक्त बर्नचा कर्व्ह सैल करायचा, डॉजला धक्का नाही. एका ग्रे लेयरची ओपॅसिटी (लेयर किती ठळक दिसतो ते) कमी केली तर दोन्ही एकदमच उतरतात.

रंगाचा मुद्दा याहून महत्त्वाचा. हळदीच्या फोटोत गालाचा रंग २२०, १८०, ८० (लाल, हिरवा, निळा) आहे असे धरा. सॉफ्ट लाइटमध्ये त्यावर पूर्ण काळा पडला तर साधारण १९०, १२७, २५ उरते. लाल ३० ने उतरला, हिरवा ५३ ने. म्हणून पिवळी हळद नारिंगी दिसते. कमी फ्लोमध्येही दिशा हीच. कर्व्हजमध्येही नॉर्मल मोडला हा दोष येतो, पण तिथे इलाज आहे: बर्नचा कर्व्ह आणि ह्यू-सॅच्युरेशनचा लेयर एका ग्रुपमध्ये टाका, मास्क ग्रुपला लावा आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) ५ ते १० ने उतरवा. ग्रे लेयरवर इतके नेमके करता येत नाही.

डोळ्यांखालची वर्तुळे मात्र दोन्ही पद्धतींना पुरून उरतात, कारण तिथे काळोखाबरोबर जांभळी झाकही असते. उजळून झाले की कलर मोडच्या नव्या रिकाम्या लेयरवर गालाचा रंग घेऊन १०-१५ टक्के ओपॅसिटीने फिरवा.

पद्धत कोणतीही असो, पुटकुळ्या हीलिंगने (डाग पुसणाऱ्या टूलने) आधी काढा. डॉज करून झाल्यावर खालचा डाग काढलात तर तिथे उजळ ठिपका उरतो. आकार बदलणारे लिक्विफायही आधीच. फाइल १६ बिट ठेवा, नाहीतर प्लेन पार्श्वभूमीवर पट्टे उमटतात. सगळ्यात वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवला की रंग डोळ्यांना चकवत नाही. आणि सतत २०० टक्के झूमवर बसू नका. छिद्र न् छिद्र सपाट होऊन चेहरा मेणाचा होतो.

शिकताना किंवा फोटोशॉप नसेल तर ग्रे लेयर. नववधूचे मोठे पोर्ट्रेट प्रिंटला जाणार असेल आणि क्लायंट दोनदा बदल सांगणार हे माहीत असेल, तर कर्व्हजच घ्या.