महापालिका मतदानाची सेवा : पाचपैकी तीन तारे

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबई महापालिकेसाठी मतदान झाले. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, म्हणजे वेळेचे गुण शून्य. प्रत्यक्ष मतदान मात्र सुटसुटीत होते : २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक, एकच बटण. मुलुंड चेकनाक्यापलीकडे ठाण्यात बहुतेक प्रभागांत चार जागांसाठी चार मते द्यावी लागतात. जागेनुसार यंत्रावरची मतपत्रिका पांढरी, फिकट गुलाबी, पिवळी किंवा निळी असते. अहमदाबादेतही ४८ प्रभागांतून १९२ सदस्य, म्हणजे हीच चौकडी. नळाला पाणी आले नाही तर चौघांपैकी नेमके कोणाला धरायचे, याचे उत्तर ही पद्धत देत नाही, म्हणून या बाबतीत मुंबई मला उजवी वाटते.

लोकसभा आणि विधानसभेची व्यवस्था भारत निवडणूक आयोगाकडे असल्याने ती देशभर सारखीच मिळते. स्थानिक निवडणुका मात्र प्रत्येक राज्याचा स्वतंत्र आयोग त्या राज्याच्या कायद्यानुसार घेतो, आणि सीमा ओलांडली की सेवा बदलते. हैदराबाद महापालिकेने २०२० मध्ये कागदी मतपत्रिका वापरल्या. मतदान १ डिसेंबरला, मोजणी ४ डिसेंबरला. आपल्याकडे निकाल दुसऱ्या दिवशी हातात होता. गोव्यानेही २०२२ च्या पंचायत निवडणुकीत मतपत्रिकाच ठेवल्या, पण छोट्या गावात मोजणी ती कितीशी! मध्य प्रदेशात २०२२ मध्ये महापौर थेट जनतेने निवडले. मुंबईत आधी आरक्षणाची सोडत निघते आणि मग नगरसेवक अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. शहराच्या प्रथम नागरिकाबाबत मतदाराला कोणी विचारत नाही.

माझी खरी तक्रार पडताळणीची आहे. लोकसभेला व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि आपले मत कोणाला गेले हे कळते. महापालिकेच्या यंत्राला ती सोयच नाही. बोटावरची खूणही २०११ पासून मार्कर पेनने केली जात होती आणि या निवडणुकीत त्यावरूनच वाद पेटला. देशाच्या निवडणुकांना पुरणारी पक्की शाई शेजारच्या कर्नाटकात, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात, १९६२ पासून तयार होते. ती सोडून मार्कर घेण्यात काय साधले, हे निदान मला तरी उमगलेले नाही. तारे कापले ते या दोन गोष्टींसाठी. उशिराचे शून्य गुण ताऱ्यांत धरलेलेच नाहीत.