फायकस बोन्साय घेऊन १४ महिने झाले, नागपूरच्या उन्हाळ्यासकट अनुभव

मागच्या वर्षी जुलैत नर्सरीतून फायकस मायक्रोकार्पाचं (वड-पिंपळाच्या जातकुळीतलं झाड) बोन्साय घेतलं, १४०० रुपयांना. तेव्हाच लिहिणार होते पण नागपुरात एक उन्हाळा काढल्याशिवाय कोणत्याही झाडाबद्दल बोलू नये असं माझं मत आहे, म्हणून थांबले. आता झाड छान आहे, पण मे महिन्यात ते गेलंच असं मी धरून चालले होते.

आधी तारेचं सांगते. ऑगस्टमध्ये फांदीला वळण द्यायला अॅल्युमिनियमची तार गुंडाळली आणि दिवाळीपर्यंत राहू दे म्हटलं. पावसाळ्यात फायकस इतकं भराभर वाढते की सहा-सात आठवड्यांत तार सालीत रुतली, उलगडायला गेले तर सालही सोबत येऊन राहिली आणि पांढरा चीक टपटप गळायला लागला, मग कटरने एकेक वेढा तोडून काढला. त्यामुळे पावसाळ्यात तार लावली तर दर आठ दिवसांनी बोट फिरवून बघाच. हिवाळ्यात इतका त्रास नाही.

खरी परीक्षा एप्रिलपासून. आमची बाल्कनी पश्चिमेची, पारा ४५ च्या आसपास, म्हणून मी झाड कूलरच्या बाजूला ठेवलं, तिथे गारवा राहील म्हणून. पण कूलर गार हवा आत फेकतो, बाहेरून तर तो गरम हवाच ओढत असतो ना! झाड दिवसभर त्या झोतात. पाणी रोज घालत होते, दोन सेकंदांत खालच्या भोकातून बाहेर यायचं, मला वाटायचं भिजलं. आठवड्याभरात पानं पिवळी, हात लावला की गळायची.

शेवटी काडीने खरवडून पाहिलं. वरचे चकचकीत दगड चक्क गोंदाने चिकटवलेले, त्याखाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अगदी कोरडं, आणि बुंध्याशी काळ्या मातीचा गोळा, विटेसारखा टणक. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी लवकर पीत नाही, पाणी कडेकडेने निघून जाते. म्हणजे रोज पाणी घालूनही झाड तहानलेलंच! हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. नखाने बुंध्याची साल थोडी खरवडली, खाली हिरवं दिसलं, तेव्हा जिवात जीव आला. सगळा ट्रे टबात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत, मग पूर्वेच्या खिडकीबाहेर, वर ग्रीन नेट, खाली ओला बारदाना. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, असाच काढला, सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि दोन दिवसाआड टबात बुडवणं.

पाऊस सुरू झाल्यावर जुलैत माती बदलली. बोन्सायसाठी वापरतात ती जपानची अकादामा माती (दाणेदार) ऑनलाइन मिळते पण फार महाग, मी विटा फोडून वाटाण्याएवढे तुकडे केले, त्यात कन्हान नदीची जाडी रेती आणि थोडं गांडूळखत. चाळून बारीक भुकटी टाकून द्यायची, हे विसरू नका, ती राहिली तर भोकं बुजतात आणि मुळं कुजतात. मुळं साधारण एक तृतीयांश कापली आणि झाड हलू नये म्हणून भोकांतून तार घेऊन ट्रेला बांधलं. तीन आठवड्यांत नवे कोंब!

सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "काहून गं, बिचाऱ्याचे पाय कापून राहिली?" बऱ्याच जणांना असंच वाटते. मी त्यांना नंतर कापलेल्या टोकापाशी फुटलेली बारीक पांढरी मुळं दाखवली. झाड उपाशी ठेवून लहान राहत नाही, त्याला कुंडीतल्या बाकी झाडांपेक्षा जास्तच बघावं लागते, आता सासूबाईच सकाळी आधी बोट घालून माती बघतात आणि मग पाणी घालतात.

नवीन कोणाला घ्यायचं असेल तर फायकस किंवा जेड (जाड, रसाळ पानांचं झाड) घ्या, ज्युनिपर (थंड हवेतलं सूचिपर्णी झाड) नागपूरच्या उन्हाळ्यासाठी नकोच. दगड चिकटवलेलं असेल तर तिथेच काढायला सांगा. आणि घरात टीव्हीजवळ ठेवायची वस्तू म्हणून घेऊ नका, त्याला उजेड आणि मोकळी हवा लागतेच.

आता सप्टेंबरात पानं दाट आणि आधीपेक्षा लहान आली आहेत. तारेचा वण मात्र अजून तसाच आहे, स्क्रूच्या आट्यांसारखा. ती फांदी कापून टाका असं एकाने सुचवलं, पण उन्हाळ्यात सगळी पानं गळाली तेव्हा पहिला कोंब तिच्यावरच आला होता, मी नाही कापणार.