लिफ्टचे बुश आणि सील बदलवले, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या (मागचं अवजार उचलणारी यंत्रणा) शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या), दोन्ही बाजूंचे सील, सिलेंडरची ओ-रिंग (रबरी कडी) आणि लोअर लिंकचे (अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांचे) बॉल असं सगळं एकदम बदलवलं. आता जानेवारी लागला. मधे पूर्ण खरीप गेला, गहू-हरभऱ्याची पेरणी झाली, संत्र्याच्या बागेत चारदा कल्टिव्हेटर फिरला. एवढ्या वापरानंतर लिहायला हरकत नाही.

ट्रॅक्टर 1999 चा, 35 एचपी, वडिलांनी घेतलेला. शेती कळमेश्वर तालुक्यात, जमीन काळी. त्रास दोन होते. उजव्या लिफ्ट आर्मच्या (शाफ्टच्या टोकाला बसलेल्या हाताच्या) मुळाशी तेल पाझरायचं आणि त्यावर धूळ बसून काळा थर जमायचा. दुसरं म्हणजे कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, की चहा होईपर्यंत फण जमिनीला टेकलेले.

तेलासाठी आधी दोनदा फक्त सील बदलवलं होतं. पहिलं चार महिने टिकलं, दुसरं सोयाबीनच्या पेरणीतच गेलं. मी सीलच्या क्वालिटीला दोष देत राहिलो, दुकानही बदलवलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रीकाकांनी सीलला हातच लावला नाही. पहार आणायला लावली, आर्मखाली घालून वर दाबली. शाफ्ट डोळ्यांना दिसेल इतका उचलला गेला आणि कट्ट आवाज करून खाली बसला. "सील फाटते हे तुले दिसते भाऊ, पण काहून फाटते ते पाय ना आधी," ते म्हणाले.

तेव्हा उलगडा झाला. सीलचं काम तेल अडवायचं, शाफ्ट सांभाळायचं नाही. बुश झिजला की शाफ्ट हलतो, सीलचा ओठ एका बाजूनं दबतो आणि दुसऱ्या बाजूनं फट पडते. मग कितीही महागडं सील आणा, ते जाणारच.

कामाला दोन दिवस लागले. तेल काढलं, सीट काढली, लिफ्ट कव्हर उतरवलं. आर्म काढायच्या आधी काकांनी आर्मवर आणि शाफ्टच्या स्प्लाईनवर (टोकाच्या दातांवर) पंचानं खूण केली. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर दोन्ही आर्म खाली-वर बसतात. जुना बुश हॅकसॉच्या पात्यानं उभा चिरून काढला. हातात घेतला तर एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं पातळ, अगदी नखासारखा. पंचवीस वर्षांचं सगळं वजन त्या एका बाजूनं पेललं होतं. नवा बुश रात्रभर आमच्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता, सकाळी फार ठोकाठोक न करता बसला. तेलाचं छिद्र छिद्रासमोर आलं का ते दोनदा पाहिलं, मग आतून रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) फिरवला, कारण दाबून बसवलेला बुश आतून थोडा आवळतोच.

शाफ्टवर सीलचा ओठ जिथं घासायचा तिथं खाच पडली होती, नख अडकायचं. शाफ्ट नवा घ्यायचा म्हणजे मोठा खर्च. काकांनी बारीक पॉलिश पेपर मारला आणि सील जुन्या जागेपेक्षा दोन मिलीमीटर बाहेर बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आला. सील सरकवण्याआधी स्प्लाईनवर टेप गुंडाळून ग्रीस लावलं. आधीची दोन सीलं आम्ही तशीच स्प्लाईनवरून ढकलली होती. बहुतेक ती बसवतानाच चिरली असणार.

लोअर लिंकच्या बॉलचं काम मी करायला तयारच नव्हतो, पण सगळ्यात जास्त फायदा तिथंच झाला. बॉलचं भोक 28 मिलीमीटरचं, आमच्या कल्टिव्हेटरची पिन 22 ची. कित्येक वर्षं तशीच घालून चालवत होतो. त्यामुळे अवजार बाजूला झोकांड्या खायचं. बागेत दोन ओळींमधून जाताना फण खोडाला लागायचा, साल सोलली जायची, आणि संत्र्याच्या खोडाला जमिनीजवळ जखम झाली की डिंक्याला (खोडातून डिंक गळायचा रोग) वाटच मिळते. बोर्डो मलम लावत बसायचं, एवढंच हाती होतं. आता नवे बॉल आहेत, पिनवर स्लीव्ह आहे, बाजूच्या चेन आवळल्या आहेत. या वर्षी एकाही झाडाला नवी जखम नाही. हे मला तेल थांबण्यापेक्षा मोठं वाटतं.

अवजार खाली बसायचं मात्र पूर्ण गेलेलं नाही. सिलेंडरची जुनी ओ-रिंग चपटी झाली होती. नवी टाकली, तिला आधार देणारी पांढरी बॅकअप रिंग दाबाच्या उलट बाजूला ठेवली. मे महिन्यात मोजायची टेप लावून पाहिलं तेव्हा कल्टिव्हेटर तासाभरात बोटभर उतरला. आता तासाला चार बोटं उतरतो. माझा संशय कंट्रोल व्हॉल्व्हवर (सिलेंडरचं तेल सोडणारा-अडवणारा) आहे, तो आम्ही उघडलाच नव्हता. कव्हर खोललेलंच होतं, तेव्हाच पाहायला पाहिजे होता. तुम्ही हे काम काढलं तर व्हॉल्व्हही त्याच वेळी तपासून घ्या.

खर्च: सगळे पार्ट मिळून साडेतीन हजारांच्या आत, मजुरी दोन हजार, तेल वेगळं. आमच्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच आहे, त्यामुळे तेलाचाच आकडा मोठा निघाला.

काल हे लिहायच्या आधी उजव्या आर्मचं मूळ कोरड्या फडक्यानं पुसून पाहिलं. फडक्यावर फक्त धूळ आली. डावीकडं थोडी ओल आहे, थेंब होत नाही. तिकडचा बुश काकांनी पहारीनं पुन्हा तपासला, घट्ट आहे. व्हॉल्व्हचं काम गहू निघाल्यावर काढणार आहे, तोवर मुक्कामाला कल्टिव्हेटर खाली टेकवूनच ट्रॅक्टर उभा करतो.