कॅम्परव्हॅनचा थ्री-वे फ्रिज: गॅसवर झकास, बॅटरीवर डोकेदुखी
गॅस, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा हा फ्रिज गॅसवर एकदम मस्त चालतो, कॉम्प्रेसरच नाही त्यामुळे रात्री डोक्याशी घरघर नाही, पण १२ व्होल्टवर लावून गाडी उभी ठेवली की बॅटरीचा पार बाजार उठतो, तो मोड फक्त गाडी चालू असतानाच वापरा. थंड व्हायला जाम वेळ खातो बरं का, आदल्या रात्रीच चालू करायचा आणि आत सामानही थंडच भरायचं. आणि हो, गाडी सपाट जागी हवी, कारण थंडावा देणारं आतलं अमोनिया-पाणी पंपाशिवाय नुसतं उतारावरून वाहतं, तिरकी उभी केली की ते अडतं आणि फ्रिज नावालाच चालू राहतो. बर्नरची ज्योत निळी पाहिजे, आमची पिवळट लपलपत होती, बाहेरची जाळी काढून बघितलं तर काजळी आणि कोळ्याचं जाळं, साफ केल्यावर परत बर्फ धरायला लागला. मॅन्युअलमध्ये यावर धड एक ओळ नाही, काय म्हणायचं! दाराचं रबर मात्र दणकट. पेट्रोल भरायला थांबलात तर आधी गॅस बंद करा. कडक उन्हात जरा मान टाकतो म्हणून एक स्टार कापला.